आतल्या बाई

त्या मंगळवारी पोरांच्या वाचनपट्ट्या बंद पडल्या तेव्हा मी खूश झाले होते, हे आधीच सांगून टाकते. वरून काहीतरी दुरुस्ती चालली होती, जिल्ह्यातल्या सगळ्या पट्ट्या दिवसभर बंद राहणार, असा निरोप आला. म्हटलं, बरं झालं, एक दिवस तरी यंत्राची कटकट नाही. मी मगदूम बाई. यंत्रमागांच्या गावात, नगरपालिकेच्या शाळेत पंचवीस वर्षं तिसरी ते पाचवीचा एकत्र वर्ग घेते. आवाज खणखणीत, तोंड फटकळ, आणि बाईंच्या वर्गात पोरं वाचतात हा लौकिक. ऑफिसच्या भिंतीवर 'शंभर टक्के वाचक वर्ग' अशी पितळी पाटी आहे, ती माझ्यामुळे लागली.

पहिल्यांदा ईश्वरी हावळला उभं केलं. पाचवीतली, अंगाने किरकोळ, पण वाचायला लागली की धडाधड, मिनिटाला सत्तर शब्द. पाहुणे आले की मी तिलाच पुढे करायची. तिने पुस्तक उघडलं, पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि थांबली. मी वाट बघत राहिले आणि तीही वाट बघत राहिली. शेवटी मी खेकसले, वाच की गं, मुहूर्त बघतेस काय. तिने कानामागे हात लावून पट्टी चाचपली.

"बाई," ती म्हणाली, "आतल्या बाई बोलेनात."

वर्ग हसला. मीही हसायला तोंड उघडलं, पण हसू आलं नाही. तिला फळ्याजवळ बोलावलं आणि 'करवत' असा शब्द लिहिला. तिने क म्हटलं, र म्हटलं, व म्हणेपर्यंत क विसरली. अक्षरं सगळी ओळखत होती, पण दोनच्या पुढे जोडता येत नव्हती. साडेदहा वर्षांची पोरगी, चौदा महिने माझ्यासमोर रोज सत्तर शब्दांनी वाचत होती, आणि तिला वाचता येत नव्हतं.

ही पट्टी काय आहे ते नीट सांगते, नाहीतर माझा गुन्हा कळायचा नाही. आपण वाचताना डोळा ओळीवरून सरळ घसरत जात नाही, उड्या मारत जातो. ज्याला वाचता येतं त्याचा डोळा तोंडाच्या एकदोन शब्द पुढे असतो. जो अडखळतो त्याचा डोळा एका जागी रुततो, मागे फिरतो, परत तिथेच येतो. हे रुतणं अडखळण्याच्या अर्धा सेकंद आधी दिसतं. कपाळावरच्या पट्टीत दोन बारीक कॅमेरे असतात, ते बुबुळांवर नजर ठेवून असतात. डोळा रुतला रे रुतला की पट्टी कानामागच्या हाडातून तो शब्द हळूच सांगते. बाहेर कुणाला ऐकू जात नाही. मूल तो शब्द म्हणतं आणि पुढे सरकतं. चारचौघांत अडखळायची लाज वाटते म्हणून पोरं वाचायचं सोडतात, ती लाज काढून टाकली तर वाचतील, असा तो विचार होता. विचार काही वाईट नव्हता. आणि आवाज कुणाचा, तर वर्गशिक्षकाचा. आम्ही प्रत्येकीने तीन तास माइकसमोर बसून आवाज दिला होता.

पण पट्टी बनवणारे शहाणे होते. त्यांनी तिला 'उतार' ठेवला होता. दर आठवड्याला कुजबुज थोडी उशिरा यायची. आधी अर्ध्या सेकंदाने, मग एका, मग दोन, मग तीन. तेवढ्या वेळात पोराला स्वतः डोकं चालवावं लागायचं. असं करत वर्षाच्या शेवटी पट्टी गप्प व्हायची आणि पोर वाचतं व्हायचं. खरं शिकणं त्या उशिरातच होतं.

उतार सुरू झाला आणि दुसऱ्या महिन्यात माझी सातही पट्टीवाली पोरं अडखळायला लागली. अडखळणारच, तेच अपेक्षित होतं. पण दर शनिवारी वाचनाचे आकडे वरच्या कचेरीत जायचे आणि माझा आकडा पडत चालला होता. त्यात तपासणी आली. मी माझ्या टॅबवर 'उतार थांबवा' हे बटण दाबलं, आठवड्याभरासाठी म्हणून. तपासणीत पोरं पाण्यासारखी वाचली, साहेबांनी टाळ्या वाजवल्या, पाटी लागली. मग उतार परत चालू करायचा म्हणजे येत्या शनिवारी आकडा कोसळणार, पाटीवर लोक हसणार. म्हटलं, वार्षिक परीक्षा होऊ दे. ती झाल्यावर म्हटलं, दिवाळीनंतर करू. असे चौदा महिने गेले. आणि पोरं काय बिनडोक असतात होय? त्यांनी ओळखलं होतं की डोळा नुसता शब्दावर थांबवला की बाई सांगतात. प्रत्येक शब्दावर थांबायचं आणि ऐकायचं. मी त्यांना वाचायला शिकवलं नाही, माझ्यावर थांबायला शिकवलं.

सातांतली सहा पोरं चौथीतली होती. त्यांचा उतार दुसऱ्याच दिवशी चालू केला, त्यांच्याकडे अजून वर्ष होतं. ईश्वरीकडे एकोणतीस दिवस होते.

कारण टेबलावर नवीन परिपत्रक पडलेलं होतं. पाचवी संपताना पट्टीवाल्या प्रत्येक मुलाची बिनपट्टीची वाचन परीक्षा. मिनिटाला चाळीस शब्द आले तर ठीक. नाही आले तर मूल श्रवण शाखेत. कानात कायमचं यंत्र, सगळी पुस्तकं कानाने, उत्तरं तोंडाने. वेळापत्रकातून वाचन आणि लेखन हे दोन्ही तास बाद. पोरांचा छळ कशाला करायचा, ज्ञानाशी मतलब, असं त्यात गोड भाषेत लिहिलं होतं. परतीची वाट नव्हती, कारण त्या शाखेला वाचन शिकवणारं माणूसच द्यायचं नाही असं ठरलं होतं. मी ते परिपत्रक आधी वाचलं होतं आणि बाजूला सारलं होतं. माझ्या वर्गाला त्याचं काय, असं मला वाटलं होतं.

बुधवारपासून मी ईश्वरीला शाळा सुटल्यावर तासभर थांबवायला लागले. तिला कारण सांगितलं नाही. परीक्षा आहे, एवढंच म्हटलं. ती समोर बसायची, मी समोर बसायची, दोघींच्या हातात एकच धडा. पहिल्या दिवशी मिनिटाला चार शब्द आले. चौथ्या दिवशी पंधरा. दहाव्या दिवशी पस्तीस! मी तिला कवेत घेतलं. डोक्यावरचा डोंगर उतरल्यासारखं वाटलं मला. म्हटलं, मगदूम बाई, अजून हात शाबूत आहेत तुझे.

त्याच आनंदात मी तिला घेऊन तिच्या वडिलांना भेटायला मागांच्या शेडमध्ये गेले. महादेव हावळ तिथे आठ माग सांभाळतात. शेडमध्ये पाय ठेवला की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही, आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे आपटतो आणि कानात नुसते घण पडतात. हावळ लांब पलीकडच्या टोकाला होते. ईश्वरीने दारातूनच त्यांच्याकडे बघून नुसते ओठ हलवले. आवाज नाही, हातवारे नाहीत. त्यांनी तिकडून ओठ हलवले. तिने परत हलवले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, पप्पा येताहेत, एवढा तुटलेला धागा जोडून येतो म्हणताहेत.

मागावरची सगळी माणसं असंच बोलतात. माझ्या पंचवीस वर्षांतली अर्धी पोरं मागवाल्यांची, मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी ते माझ्या टाळक्यात शिरलं. पोरं वाचतात तेव्हा माझे ओठ हलतात. पंचवीस वर्षं 'माझ्यामागे म्हणा' करून लागलेली खोड आहे, मी आवाज न करता सगळा धडा म्हणत असते. आणि ही पोरगी दहा दिवस माझ्यासमोर बसून माझे ओठ बघत होती. मी तिला बाहेर अंगणात नेलं, पिशवीतला पेपर तिच्या हातात दिला, तिच्यामागे जाऊन उभी राहिले आणि वाचायला लावलं. मिनिटाला सहा शब्द आले. पस्तीसमधले सहा तिचे, बाकीचे माझे.

मी तिच्यावर ओरडले. खोटारडी म्हणाले, फसवतेस म्हणाले. ती रडली नाही. गोंधळून म्हणाली, बाई, तुम्ही सांगत होता म्हणून मी म्हणत होते. काय चुकलं होतं तिचं? कानात सांगणारीही मीच आणि तोंडाने सांगणारीही मीच. मी तिला एवढंच बजावलं की यापुढे वाचताना माझ्या तोंडाकडे बघायचं नाही. काही झालं तरी नाही. तिने मान हलवली.

तोवर हावळ बाहेर आले होते. बेचाळीसचा माणूस, पण कान गेलेले, समोरच्याच्या तोंडावर नजर ठेवून बोलतात. मी त्यांना श्रवण शाखेचं सगळं सांगितलं, सावकाश, ओठ नीट हलवत. फक्त उताराचं सांगितलं नाही. मला वाटलं होतं ते म्हणतील, बरं झालं की, पोरीचा त्रास वाचला.

"बाई, ही पोरगी उद्या मागावरच येणार," ते म्हणाले. "माझे कान चाळिशीत गेले. मी सातवी शिकलोय, पेपर वाचतो, म्हणून माणसात आहे. हिचं सगळं कानातच ठेवलं आणि कान गेले, तर हिच्याकडे काय राहील? तुम्ही कायतरी करा. आमच्या घराण्यात डोकं कमीच, पण तिला घासा तुम्ही."

घराण्यात डोकं कमी. ते माझ्यावर विश्वास ठेवून म्हणत होते आणि मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला आजही शिसारी येते.

एकोणीस दिवस उरले होते. मी तिच्यामागे स्टूल टाकून बसायला लागले, तोंडावर पदर घेऊन. पट्टी नाही, ओठ नाहीत, मशीन नाही. एक छोटा परिच्छेद घ्यायचा आणि तीनदा वाचायचा. पहिल्यांदा अक्षरं गोळा करत, दुसऱ्यांदा शब्द धरत, तिसऱ्यांदा बोलल्यासारखा. कितीही रखडलं तरी मी शब्द सांगायचा नाही. ते गप्प बसणं मला जमेना. ती 'म' वर अडकली की माझी जीभ आतून शिवशिवायची. एकदा ती 'मधमाशी' या एका शब्दावर चाळीस सेकंद थांबली. मी पदर दातांत धरून बसले होते. मग तिने स्वतः म्हटलं, मध, मा, शी, मधमाशी. आणि मागे वळून माझ्याकडे असं बघितलं, की मला भरून आलं.

सहाचे नऊ झाले. नवाचे चौदा. चौदावर चार दिवस अडली, मग एकदम एकोणीस. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सव्वीस. अजून तीन महिने मिळाले असते तर ती साठाने वाचली असती, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. मी वरच्या कचेरीत मुदतीसाठी तीन अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही. केंद्रप्रमुख वडगावे साहेबांना फोन केला, ते म्हणाले, तुमचा वर्ग शंभर टक्के वाचक आहे, तुम्हाला मुदत कशाला हवी? मी फोन ठेवून दिला. कारण सांगायचं तर उतार सांगावा लागला असता. मी तेव्हा नाही सांगितला.

मग मी ठरवलं. परीक्षेचा नियम असा होता की मूल बुजू नये म्हणून वर्गशिक्षकाने समोर बसायचं, दोन्ही बाजूंनी मजकूर दिसणारा टॅब मध्ये उभा. शब्द मोजणार यंत्र, तेही फक्त आवाजावरून. म्हणजे मजकूर मला दिसणार होता आणि टॅबच्या वर माझं तोंड तिला दिसणार होतं. मी ओठ हलवणार. पस्तीस तर तेव्हाच येत होते, सावकाश हलवले तर चाळीस सहज. कुणाला कळणार नाही. ती वाचक म्हणून पास होईल, मग सुट्टीत मी तिला घरी बोलावून खरी शिकवीन. ईश्वरीला हे सांगायला मात्र जीभ रेटेना. दोन आठवडे तिला बजावत होते, आता कुठल्या तोंडाने सांगू की उद्या बघ? म्हटलं, समोर ओठ हलले की आपोआप बघेल, तिचा तो स्वभावच आहे.

गुरुवारी अकरा वाजता वडगावे साहेब आले. माणूस सज्जन, अंगात कळकट सदरा, घाईत. ईश्वरी केस चापून बसवून आली होती. टॅब उभा केला. मजकूर विहिरीच्या खोदकामाबद्दलचा होता, सोपा. घंटी वाजली आणि मी ओठ हलवायला सुरुवात केली. एकेक शब्द, नीट, मोठा.

तिने पहिला शब्द वाचला, दुसरा वाचला, आणि वर बघितलं. आमची नजरानजर झाली. माझे ओठ हलत होते. मी डोळ्यांनी सांगितलं, बघ, बाळा, बघ इकडे. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिने झटकन मान खाली घातली, इतकी खाली की मला फक्त तिचा भांग दिसत होता. बोट टॅबच्या काचेवर टेकवलं आणि वाचायला लागली. विहीर. खण-ताना. दगड. लागला. मी ओठ हलवत राहिले, वेड्यासारखी, तिच्या भांगाकडे बघत. एकदा तर मी खोकलेही. तिने मान वर केली नाही. साठ सेकंद संपले आणि यंत्राने आकडा दाखवला, अठ्ठावीस.

ईश्वरी उठून माझ्याजवळ आली. तिला आनंद मावत नव्हता.

"बाई, काल सव्वीस, आज अठ्ठावीस," ती म्हणाली. मग हळूच, साहेबांना ऐकू जाऊ नये म्हणून माझ्या कानाशी, "एकदा चुकून तुमच्या तोंडाकडे बघितलं. पण नंतर नाही बघितलं हं."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

वडगावे साहेबांनी माझ्याकडे एकदा रोखून बघितलं. त्यांना माझे ओठ दिसले होते की नाही, मला माहीत नाही, त्यांनी विचारलं नाही. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. श्रवण शाखेची शिफारस, खाली वर्गशिक्षकाची सही. वर कारणाचे तीन चौकोन छापलेले होते. मुलाची मर्यादा, घरची परिस्थिती, गैरहजेरी. एकावर खूण करा, ते म्हणाले, पहिल्यावर करा, सगळे तोच करतात. ईश्वरी माझ्या खुर्चीला टेकून उभी होती. पुढच्या सोमवारी कुठला परिच्छेद घ्यायचा, असं मला विचारत होती.

मी तिन्ही चौकोनांवर काट मारली. खाली कोरी जागा होती तिथे लिहायला लागले. अक्षर मोठं आलं, फळ्यावर काढते तसं. साहेबांनी वाचलं आणि पेन हातातून घ्यायला बघितलं. म्हणाले, बाई, पाटीचं काय होईल, तुमच्या नोकरीचं काय होईल, विचार करा. मी म्हटलं, पोरीचं काय होईल तेवढं सांगा. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, खरं सांगू? असं आजपर्यंत कुणी लिहिलेलंच नाही. कदाचित फेरविचार होईल, कदाचित फक्त तुमची चौकशी होईल आणि मुलगी जाईल तिथे जाईलच. मी सही केली.

तेवढ्यात माझ्या खांद्याशी आवाज आला. कुणी सांगितलं नव्हतं, पुढ्यात अक्षरं दिसली म्हणून ती वाचायला लागली होती. बोट कागदावर टेकवून.

"मु-लीचा. दो-ष. नाही. उता-र. मी. बं-द. ठे-व-ला. होता."

वडगावे साहेब खिडकीकडे वळले.

"मुलीचा म्हणजे माझा?" तिने विचारलं.

"हो."

मग मी तिला सांगितलं. पट्टी काय करते, उतार म्हणजे काय, तो मी कधी थांबवला आणि का चालू केला नाही. श्रवण शाखेचंही सांगितलं. मोठ्या माणसाला सांगावं तसं सगळं सांगितलं. ती माझ्या ओठांकडे बघत ऐकत होती. ती रागावेल, रडेल, पळून जाईल, असं मला वाटत होतं, आणि मला ते हवंही होतं.

"म्हणजे माझं डोकं खराब नाही?"

"नाही," मी म्हटलं. "तुझं काहीच खराब नाही."

तिने मान हलवली आणि परत कागदाकडे वळली. नवा मजकूर तीनदा वाचायचा हा आमचा नियम होता आणि तिचं एकदाच झालं होतं. तिने पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. दुसऱ्यांदा ती फक्त 'ठेवला'पाशी रखडली. मग बोट काढून घेतलं, दम घेतला आणि तिसऱ्यांदा वाचलं, मोठ्याने, बोलल्यासारखं. मुलीचा दोष नाही, उतार मी बंद ठेवला होता. कुठेही अडखळली नाही.